सगळे ओळखीचेच निघाले

३ नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची. माणूस पोचलं, सामान पोचलं आणि आईच्या कपबशांपैकी एकही फुटली नाही. आईनं एकेक कप वर्तमानपत्राच्या इतक्या थरांत गुंडाळला होता की दुपारभर कांदे सोलावेत तशी कप सोलत बसले. शेवटी स्वयंपाकघरभर शिळ्या बातम्यांचा ढीग आणि मधोमध मी, राणीसारखी.

घर मनासारखं आहे. उताराच्या रस्त्यावरचं शेवटचं घर. खाली घरमालकीणबाई, वर मी. दोन ऐसपैस खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याला लागून एक लहानशी खोली. त्या खोलीत काहीच नाही, नुसता उघडा पलंग आणि भिंतीतलं कपाट. खिडकीला पडदासुद्धा नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, पाहुण्यांना उपयोगी पडेल. मी मनात म्हटलं, माझ्याकडे कोण पाहुणे यायला बसलेत! नवरा नावाचं प्रकरण गेल्या वर्षीच निकालात निघालं, मैत्रिणी आपापल्या संसारात गळ्यापर्यंत बुडालेल्या. खरं सांगायचं तर म्हणूनच ही नोकरी घेतली. इथं मला कुणी ओळखत नाही. मान तिरपी करून ‘कशी आहेस गं आता?’ असं ‘आता’वर जोर देऊन विचारणारं कुणी नाही.

पुढच्या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो, थेट खालच्या पुलापर्यंत. पुलावर धुकं असतं. बाकी गाव नीटनेटकं, शांत. आत्ता खिडकीशी बसून चहा पितेय आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून ही वही उघडली. एकटं माणूस भिंतींशी बोलायला लागण्याआधी वहीशी बोललेलं बरं.

६ नोव्हेंबर, बुधवार

कानांचा दवाखाना चौकात आहे, औषधांच्या दुकानाच्या वर. डॉक्टरीणबाई कानात डोकावतात, मी ऐकू किती येतं ते तपासते आणि मशीन बसवून देते. बाई बुटक्या, भरभर चालणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. मागच्या महिन्यात अचानक त्यांचाच फोन आला होता, अशी अशी जागा आहे, येतेस का? माझं नाव त्यांना कुणी सांगितलं ते विचारायचं राहूनच गेलं. येणाऱ्या लक्ष्मीला नाव-गाव कोण विचारतो!

तपासणीची खोली झकास आहे. जाड स्पंजच्या भिंती, फ्रिजसारखं घट्ट लागणारं दार. आत शिरलं की जगाचं तोंड बंद. स्वतःचं रक्त वाहतानाचा आवाज येईल इतकी शांतता.

आज एका बाईंनी नवऱ्याला कानाला धरूनच आणलं होतं. त्यांची तक्रार, याला माझं काही ऐकू येत नाही. तपासलं तर त्या गृहस्थांचे कान ठणठणीत. मी सांगणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे अशा केविलवाण्या डोळ्यांनी पाहिलं, की मी एवढंच म्हटलं, वयोमानानुसार थोडं असतं. पुण्य लागेल मला.

नंतर एक घड्याळजी आजोबा आले. जन्मभर घड्याळांची टिकटिक ऐकून दुरुस्ती केली आणि आता ढग गडगडला तरी पत्ता लागत नाही. एकटेच राहतात. त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. थंड लागला तशी लहान मुलासारखे खुदकन हसले. मशीन तयार होऊन यायला थोडे दिवस लागतील. जाताना म्हणाले, पोरी, मला गाणंबिणं नको, फक्त माणसं ऐकू आली पाहिजेत.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज एक गंमतच झाली.

केस धुऊन खिडकीत वाळवत बसले होते. घरमालकीणबाई सूपाचं भांडं घेऊन वर आल्या आणि मला पाहून दारातच थबकल्या. म्हणाल्या, केस मोकळे सोडलेस की थेट आत्याच्या वळणावर जातेस.

मी विचारलं, कुणाच्या आत्याच्या? तर म्हणाल्या, तुझ्याच, आणखी कुणाच्या? डावखुरी आहे ना ती? अर्धा चहा बिनसाखरेचा पिते आणि उरलेल्यात साखर घालते. म्हणते, आधी कर्तव्य, मग चैन.

मी उडालेच. हे तर तिचंच! जगाच्या पाठीवर दुसरं कुणी असं बोलत असेल यावर माझा विश्वास नाही. कुठं आमचं गाव, कुठं हे, आणि घरमालकीण निघाली आत्याची मैत्रीण! मग काय, सूप गार होईपर्यंत आत्यापुराण. तिचं ते सुईत एका दमात दोरा ओवणं, रागावली की भांडी घासायला बसणं, आणि मला ‘ठकू’ म्हणणं. हे नाव तिचं एकटीचं. आईसुद्धा मला ठकू म्हणत नाही.

आई-बाबा दोघं नोकरीला, त्यामुळे आम्हा भावंडांना आत्यानंच लहानाचं मोठं केलं. तिला स्वतःचं कुणी नव्हतं. आम्हीच तिचे. त्यातही भुंगा जरा जास्त. भुंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. सारखा गुणगुणत असतो म्हणून नाव तिनंच ठेवलेलं. तो शाळेच्या सहलीला गेला की आत्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो परत येईपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसायची.

ती जाऊन तीन वर्षं होतील. हे बाईंना सांगायला हवं होतं. पण त्या इतक्या रंगात आल्या होत्या की माझी जीभच रेटेना. जुनी ओळख असणार, त्यांच्यापर्यंत बातमी पोचलेली नसणार. ‘पिते’, ‘म्हणते’ असं बोलत होत्या बिचाऱ्या. सांगेन सवडीनं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी ओळख! आता मला वाटायला लागलंय, मी गाव बदललंच नाही, नुसतं वळण घेऊन मागच्या दारानं घरात आले.

खालचे औषधवाले, तुळतुळीत टक्कल, तोंडात कायम लवंग. मी डोकेदुखीची गोळी मागितली, तर गोळी देता देता म्हणाले, जांभळा हत्ती काढणाऱ्या त्या तुम्हीच ना? मी बघतच राहिले. चौथीत मी जांभळा हत्ती काढला होता. वर्ग फिदीफिदी हसला होता आणि चित्रकलेच्या बाईंनी तो हत्ती शिक्षकांच्या खोलीत टांगला होता. त्या दिवसानंतर कुणाच्या हसण्याला मी कधी भ्यायले नाही.

औषधवाले म्हणाले, बाई खोकल्याचं औषध न्यायला येतात तेव्हा तुमचा विषय निघतो. मनगटावर पुरुषी घड्याळ घालतात त्याच ना? त्याच! मी आनंदानं म्हटलं, अहो, पत्ता द्या त्यांचा, भेटून येते. ते हसले. म्हणाले, पत्ता कशाला, त्याच भेटतील तुम्हाला.

घरी येताना छान वाटत होतं. जिना चढताना मात्र काहीतरी टोचायला लागलं. या बाईंबद्दल आईनं मागे काहीतरी सांगितलं होतं. काय ते आठवेना.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईला फोन केला. लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल.

आई म्हणाली, चित्रकलेच्या बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. ती आणि बाबा दोघं त्यांच्या घरी जाऊन आले होते. मला फोनवर सांगितलंही होतं, पण तेव्हा माझं स्वतःचंच वादळ चालू होतं, मी कुठं ऐकणार होते.

आत्याचं विचारलं. आई हसायलाच लागली. म्हणाली, अगं, तिचे गुडघे विसरलीस? ती कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी गेली नाही. तुझ्या त्या गावाचं नावसुद्धा तिला ठाऊक नसेल. तिची मैत्रीण असती तर मला माहीत नसती का? कुणीतरी दुसरी असेल, नावात गफलत झाली असेल.

नावात? पण घरमालकीणबाईंनी आत्याचं नाव घेतलंच नव्हतं. मीही नाही.

भुंग्यानं आईच्या हातून फोन घेतला आणि माझी थट्टा सुरू केली. म्हणाला, ताई, तिथं आत्या भेटली तर माझ्या स्वेटरचं विचार, एक बाही विणायची राहिलीय. मलाही हसू आलं. हसले, आणि फोन ठेवल्यावर सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. भर दुपारी.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज धीर करून खाली गेले. घरमालकीणबाई बटाटे सोलत होत्या. मी विचारलं, तुमची आणि आत्याची शेवटची भेट कधी झाली?

त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, परवा. तू कामावर गेली होतीस. लहान खोलीच्या पडद्यांचं माप घ्यायला आली होती.

मी म्हटलं, बाई, माझी आत्या वारली. तीन वर्षं होतील. मी होते तिच्या उशाशी.

त्यांनी बटाटा खाली ठेवला. पदराला हात पुसून माझा हात हातात घेतला आणि आई मुलाला समजावते त्या सुरात म्हणाल्या,

“हो गं. माहितीये मला. गेली म्हणून काय ओळख तुटते?”

आणि पुन्हा सोलायला लागल्या.

वेड लागलंय त्यांना. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं होतं, मी दवाखान्यात पाहिलंय. पण मग चहा आणि साखर? पण मग औषधवाले? एका गावात दोन माणसांना एकाच पद्धतीचं वेड लागतं का, आणि तेही माझ्याच माणसांचं?

लहान खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

२० नोव्हेंबर, बुधवार

जसं घडलं तसंच लिहिते.

घड्याळजी आजोबांची मशीनं आली. त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं, कानात मशीनं घातली, दार लावलं. नेहमीची पद्धत अशी, की आम्ही ओठांपुढे कागद धरून एकेक शब्द बोलतो आणि समोरच्यानं जे ऐकू येईल ते म्हणून दाखवायचं. ओठ दिसले तर माणूस कानाऐवजी डोळ्यांनी ऐकतो.

मी म्हटलं, चावी. ते म्हणाले, चावी. खिडकी. खिडकी. पाऊस. पाऊस. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मलाही भरून आलं. पुढचा शब्द बोलायला मी श्वास घेतला, एवढ्यात ते म्हणाले, ठकू.

मी बोलले नव्हते. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार बंद.

मी कसाबसा पुढचा शब्द म्हटला. दोरी. ते म्हणाले, दोरी. मग मान जरा वाकडी करून, लांबचं ऐकावं तसं ऐकत म्हणाले, भुंगा कधी येणार.

माझ्या हातातला कागद गळून पडला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि अगदी सौजन्यानं म्हणाले,

“बाळ, एका वेळी एकीनंच बोला. दोघी एकदम बोललात तर मला कसं कळायचं?”

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर गेले नाही. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिले.

एकच विचार छळतोय. ती मला काहीच विचारत नाही. मी जेवले का, झोपले का, नवऱ्यानं असं का केलं, काही नाही. पूर्वीची आत्या असती तर आधी हेच विचारलं असतं. ती एकच गोष्ट विचारतेय.

जिन्यावर टर्रकन कापड फाडल्याचा आवाज येतोय. खाली बाईंकडे असेल. खालीच असेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

राजीनामा द्यायला गेले. तब्येतीचं कारण सांगितलं. डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, तुझ्या सरांना काय सांगू मी आता? त्यांच्या शब्दावर तर तुला बोलावलं.

कुठल्या सरांच्या?

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्या माझ्या सरांच्या. ते मागच्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यांच्या टेबलावरची पुस्तकं मी आवरली होती. बाई म्हणाल्या, येतात की अधूनमधून, गप्पा मारत बसतात. तुझी हुशारी सांगितली त्यांनी. पण खरं म्हणजे गळ घातली ती तुझ्या आत्यानं. सारखं पाठीशी लागली होती, माझ्या भाचीला इथं बोलवा, ती आली की मग तिच्या मागोमाग तोही येईल.

तोही येईल.

खुर्चीचा हात धरून उठले. बाईंनी काळजीनं विचारलं, चक्कर आली का? चांगल्या आहेत हो बाई. सगळे चांगलेच आहेत इथले. कुणी माझ्याशी वाकडं बोललेलं नाही.

बाहेर येऊन थेट भुंग्याला फोन केला. म्हटलं, मी परत येतेय, रविवार दुपारच्या गाडीनं. शनिवारी गाडी नाही. तो म्हणाला, वेडी का, सामान घेऊन कुठं धडपडतेस, मी मोटार घेऊन न्यायला येतो. मी ओरडलेच. चौकातली माणसं वळून बघायला लागली. इकडे यायचं नाही, काही झालं तरी यायचं नाही, शपथ घे. तो हळू आवाजात म्हणाला, ताई, तुला बरं नाहीये का? तुझा आवाज कसातरीच येतोय. मी म्हटलं, शपथ घे. म्हणाला, बरं बाई, घेतली.

लहानपणी, औषध प्यायलो असं खोटंच सांगताना तो याच सुरात बोलायचा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

कडी तशीच आहे, बाहेरून, मी घातली तशी. पण रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं तर लहान खोलीच्या खिडकीला पडदे आहेत. निळे.

कडी काढून आत गेले. जावंच लागलं.

पलंगावर गादी. स्वच्छ चादर, कोपरे आत खोचलेले. उशी. पडद्यांची शिवण हातानं घातलेली, टाके उलट्या बाजूला कललेले. डावखुऱ्या माणसाचे असतात तसे. अभ्र्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं बारीकसा भुंगा काढलाय. आमच्या घरी त्याच्या सगळ्या अभ्र्यांवर असायचा.

पलंगाशेजारी एक खुर्ची. दाराकडे तोंड करून ठेवलेली.

आत्या, मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, आत्या, तो बत्तीस वर्षांचा आहे. उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरतंय. आई-बाबांना आता त्याच्याशिवाय कोण आहे? मला ठेवून घे हवं तर. मी राहते इथं. मी जात नाही कुठं.

खुर्ची जराशी कुरकुरली. बसल्या बसल्या कुणी तोंड फिरवावं तशी.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. बॅग घेऊन निघाले. चौकात औषधवाले दुकान उघडत होते. हात हलवून म्हणाले, अहो, तुमच्या बंधूंची ओळख झाली आत्ता. पुलावर भेटले. काय गुणी माणूस! सारखे गुणगुणत होते. म्हणाले, ताईकडे चाललोय.

बॅग तिथंच टाकली. पुलापर्यंत पळत गेले. धुकं. कुणी नाही. मोटारही नाही.

फोन लावतेय, लावतेय, नुसताच वाजतोय.

आईला लावला. ती आनंदात होती – म्हणाली, अगं, तुला सांगू नको म्हणाला होता – पहाटेच निघालाय तुला आणायला – पोचला का?

पोचला का, विचारतेय.

मी म्हटलं, अजून नाही.

नंतर

स्टेशनवर गेले नाही. खिडकीशी बसलेय. तो या रस्त्यानं आला तर दिसेल. मोटार दिसेल. त्याची ती धुळकट पांढरी मोटार –

औषधवाले काहीही बोलतात. माणसं चुकतात. नवीन माणूस, धुकं, कुणीही असेल. गुणगुणणारे काय कमी असतात जगात!

देवा, रस्त्यात चाक पंक्चर होऊ दे. मधेच कुठंतरी चहाला थांबलेला असू दे. भांडण झालेलं असू दे. पोलिसांनी अडवलेलं असू दे.

दुपार

आला! भुंगा आला!

जिन्यावर पावलं वाजली, खाली घरमालकीणबाईंचा आवाज – आलास का रे भुंग्या, ये, ये – आणि तो दारात. हसतोय. नेहमीचा तपकिरी कोट. मी गळ्यातच पडले. उबदार आहे. अंगाला त्याच्याच साबणाचा वास आहे. किती मूर्ख मी, किती घाबरले उगीच! रडले, हसले, दोन्ही. त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली.

मी म्हटलं, मोटार कुठंय? म्हणाला, आहे खाली.

चहा ठेवलाय. तो लहान खोलीत गेलाय. म्हणाला, झकास पडदे आहेत गं.

त्याला दार दाखवावं लागलं नाही.

खिडकीतून पाहिलं. खाली मोटार नाही.

मोटार नाही –

कान.

भुंग्याचा डावा कान लहानपणी तापात गेला. पार गेला, त्यात काही उरलं नाही. त्या कानामुळेच तर मी या कामात पडले. आम्ही सगळे त्याच्या उजवीकडूनच बोलतो, जेवताना, चालताना, भांडताना. गेली सव्वीस वर्षं. मशीनसुद्धा चालत नाही त्याला.

आत्ता त्याच्या पाठीमागे, डाव्या बाजूला उभी राहिले. अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हटलं, साखर किती घालू?

तो न वळता म्हणाला – अर्धा पिऊन झाल्यावर घालेन.

फोन वाजतोय. आई.

थांबला.

पुन्हा. आता बाबांचा. बाबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

उचलणार नाही. उचलला नाही तोवर काहीच झालेलं नाही. उचलला नाही तोवर तो माझ्या घरात बसलाय, चहा पितोय, मी त्याला बघू शकते, हात लावू शकते. थोडा वेळ. आणखी थोडा वेळ, आत्या, एवढा एक कप संपू दे त्याचा –

पुन्हा आई. वाजतोय. थांबत नाही.

तिथं ती एकटी असेल का? कुणी जवळ आहे का तिच्या –

तो दारात येऊन उभा राहिलाय. गुणगुणणं थांबलंय. माझ्याकडे अशा नजरेनं बघतोय, जणू मीच धाकटी आणि तो मोठा. म्हणतोय, ताई, उचल. घाबरू नकोस. आईला अजून कळलेलं नाही, माझं तूच सांग तिला नीट, हळूहळू. नाहीतर बाबा कसेतरी सांगायला जातील आणि आई –